भिंतीवरचा महिना

डिझाइनच्या जगात प्रेरणा महिन्याच्या हप्त्याने येते. महिना उजाडला की कुणी ‘साइट ऑफ द मंथ’ निवडतं, कुणी गेल्या महिन्यातल्या तीस देखण्या ॲप-स्क्रीन्सची यादी काढतं, कुणी नव्या रंगसंगती पाठवतं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डिझायनर नाही. पण डिझायनरने काढलेली स्क्रीन चालती करायचं काम माझं, त्यामुळे या याद्या माझ्यापर्यंतही येतात. मी त्या आवडीने बघते. आणि बघता बघता एक प्रश्न पडतो: या सगळ्या स्क्रीन्स माणसं वापरतात तेव्हा काय होतं, हे कुठेच का दिसत नाही?

हा प्रश्न नवा नाही. ड्रिबल हे डिझायनर मंडळींचं आवडतं संकेतस्थळ २००९ मध्ये सुरू झालं. तिथे सुरुवातीला ४०० बाय ३०० पिक्सेलचा एक तुकडा दाखवता यायचा. तेवढ्या चौकटीत जे खुलून दिसेल ते जिंकणार, हे ओघाने आलंच. २०१३ साली पॉल ॲडम्स यांनी ‘द ड्रिबलायझेशन ऑफ डिझाइन’ नावाचा लेख लिहून याच दुखण्यावर बोट ठेवलं. डिझायनर आता दुसऱ्या डिझायनरची दाद मिळवण्यासाठी काम करू लागलेत, खरा प्रश्न सोडवण्यासाठी नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या लेखाला आता दहा वर्षांहून जास्त काळ लोटला. चौकट मोठी झाली, चित्रं हलू लागली, पण तक्रार जुनी झालेली नाही.

या मासिक प्रेरणेचं एक गमतीदार रूप स्मॅशिंग मॅगझिन या जर्मनीतून निघणाऱ्या वेब-मासिकात दिसतं. तिथे वर्षानुवर्षं दर महिन्याला जगभरच्या कलाकारांनी काढलेले डेस्कटॉप वॉलपेपर येतात. प्रत्येक चित्र दोन प्रकारांत उतरवून घेता येतं: कॅलेंडरसकट आणि कॅलेंडरशिवाय. म्हणजे महिना हा तिथे चित्राला लावलेला दागिना आहे. हवा तर ठेवा, नको तर काढा. चित्रं खरंच सुरेख असतात. पण हे वाचताना मला आपल्या घरांतलं एक वेगळंच पान आठवतं. ते सुरेख नाही, त्याचं कुणी कौतुक करत नाही, आणि त्यातून महिना काढून टाकला तर खिळ्याला अडकवायलाही काही उरत नाही.

मी कालनिर्णयबद्दल बोलते आहे. हा लेख म्हणजे त्या पानाची समीक्षा आहे. एखाद्या ॲपची करावी तशी. आठवणींचा उमाळा काढायचा नाही. या पानात काय जमलंय, का जमलंय आणि काय जमलेलं नाही, एवढंच बघायचं आहे.

आधी काय शोधायचं?

जयंत साळगावकरांनी १९७३ साली कालनिर्णय काढलं. त्याच्या जाहिरातीची चाल आमच्या पिढीलाही पाठ आहे. पण त्यांनी नेमकं काय केलं, हे कळायला आधीचं पंचांग डोळ्यांसमोर आणावं लागतं.

पंचांगाची नेहमीची मांडणी पंधरवड्याची असते. एका पानावर एक पक्ष, एका ओळीत एक तिथी, आणि तिच्यापुढे वार, नक्षत्र, योग, करण यांचे आकडे. वेळा घटी-पळांत. एक घटी म्हणजे २४ मिनिटं, आणि मोजणी सूर्योदयापासून. गणिताच्या दृष्टीने हा चोख तक्ता आहे. पण तो वाचायला जाणकार लागतो. ‘येत्या मंगळवारी चतुर्थी आहे का?’ एवढं विचारायलाही पूर्वी पंचांग उघडणारा माणूस गाठावा लागायचा, आणि तो माणूस कोण असणार हे जात आणि लिंग पाहूनच ठरलेलं असायचं.

आम्ही डेटाबेस बनवताना पहिला प्रश्न विचारतो तो असा: या तक्त्याची प्रायमरी की कोणती? म्हणजे माणूस हातात काय घेऊन शोधायला येणार? पंचांगाचं उत्तर होतं तिथी. कालनिर्णयने ते उत्तर बदललं. नोकरी करणाऱ्या, पगाराच्या तारखेवर जगणाऱ्या, रविवारी सुट्टी असलेल्या माणसाच्या हातात तिथी नसते, इंग्रजी तारीख असते. मग चौकट तारखेची केली आणि तिथी, नक्षत्र, सण, उपास हे सगळं त्या चौकटीत आणून ठेवलं. घटी-पळांऐवजी घड्याळाची वेळ दिली. हिंदू सणांच्या शेजारी मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, जैन सण ठेवले.

यात नवं गणित शून्य आहे. माहिती तीच, फक्त शिरायचा दरवाजा बदलला. पण त्या एका बदलाने मधला माणूस गेला. चौथी शिकलेली बाई स्वयंपाकघरातून मान वर करून संकष्टीचा चंद्रोदय वाचू लागली. वापरकर्त्याचा अनुभव हा शब्द आपण बटणाच्या गोलाईपर्यंत आणून सोडला आहे. कुणाला विचारल्याशिवाय आपलं आपल्याला कळणं, हा त्या शब्दाचा पहिला अर्थ असायला हवा.

सात ओळी, पाच रकाने

आता आराखडा बघा. तुमच्या फोनमधल्या कॅलेंडरात वार वरच्या बाजूला आडवे असतात आणि आठवडे एकाखाली एक. कालनिर्णयमध्ये उलट: वार डाव्या कडेला उभे, रविवार सगळ्यात वर, आणि तारखा वरून खाली जातात. आठवडा म्हणजे एक रकाना. महिना म्हणजे सात ओळी आणि साधारण पाच रकाने.

हे जुनाट वाटतं. पण एक हिशोब करून बघा. नेहमीच्या अँड्रॉइड फोनची रुंदी साधारण ३६० डीपी धरतात. डीपी म्हणजे स्क्रीन मोजायचं आमचं एकक. तिचे सात भाग केले तर एका तारखेला ५१ डीपी मिळतात. बोटाने नीट दाबता यावं म्हणून अँड्रॉइडची शिफारस किमान ४८ डीपीची आहे. म्हणजे फोनच्या महिन्यात एक तारीख जेमतेम बोटाएवढी. त्यात आकडा बसतो आणि खाली एक ठिपका बसतो. बाकी सगळं त्या ठिपक्यामागे लपवावं लागतं: दाबा, मग कळेल.

हाच फोन कालनिर्णयच्या पद्धतीने कापा. वारांच्या पट्टीला ४० डीपी द्या, उरलेल्या ३२० चे पाच भाग करा. प्रत्येक तारखेला ६४ डीपी रुंदी मिळते, जवळजवळ पाव पटीने जास्त. एकूण जागा काही वाढत नाही, चौकटीची उंची थोडी घटते. पण अक्षरं आडवी लिहिली जातात, म्हणून रुंदी महत्त्वाची. ‘संकष्टी’ हा शब्द एका ओळीत बसतो की तुटतो, हे तिथे ठरतं. आपला फोन उभा असतो, कालनिर्णयचं पानही उभं असतं. उभ्या जागेसाठी उभा आराखडा पन्नास वर्षांपूर्वी भिंतीवर लागला होता, आणि आपण मात्र टेबलावरच्या आडव्या स्क्रीनचा आराखडा उचलून खिशातल्या उभ्या स्क्रीनवर ठेवला.

लगेच शंका येईल: सहा आठवड्यांत पसरणाऱ्या महिन्याचं काय? २०२६ चा ऑगस्ट घ्या. १ तारीख शनिवारी. म्हणजे ३० चा रविवार आणि ३१ चा सोमवार सहाव्या आठवड्यात जातात. फोनचं कॅलेंडर अशा वेळी सहावी ओळ काढतं आणि सगळ्या चौकटी आकसतात. भिंतीवरच्या पानाची युक्ती सोपी आहे: पहिल्या रकान्यात रविवार-सोमवारच्या चौकटी रिकाम्याच असतात, ३० आणि ३१ तिथे नेऊन बसवायच्या. १ तारखेच्या वर ३० तारीख! कोड तपासताना मी हे बघितलं असतं तर चूक म्हणून परत पाठवलं असतं. पण हे वाचताना आजवर कुणी अडखळलेलं मी पाहिलेलं नाही. वार बरोबर आहे, आकडा बरोबर आहे, आणि माणसाला तेवढं पुरतं. नियम मोडल्याचा त्रास नियम लिहिणाऱ्याला जास्त होतो.

टॅपऐवजी पाऊल

या पानावर पहिला आक्षेप गर्दीचा. मोठी तारीख, तिथी, नक्षत्र, सणाचं नाव, छोटं चित्र, वर महिन्यांची नावं, खाली जाहिरात. आजकालच्या कुठल्याही डिझाइन-परीक्षणात पहिला शेरा हाच पडेल: मोकळी जागा कुठे आहे?

एडवर्ड टफ्टी यांनी १९८३ च्या ‘द व्हिज्युअल डिस्प्ले ऑफ क्वांटिटेटिव्ह इन्फर्मेशन’ पासून पुढच्या पुस्तकांतही एक मुद्दा चिकाटीने मांडला आहे. माहिती जास्त असणं हा दोष नाही. ती गोंधळाची वाटत असेल तर दोष मांडणीचा. नकाशात हजारो गोष्टी असतात आणि आपल्याला त्याचा त्रास होत नाही, कारण त्या थरांत लावलेल्या असतात.

कालनिर्णयचे थर अंतराने लावलेले आहेत. स्वयंपाकघराच्या दारातून दिसते ती मोठी तारीख आणि तिचा रंग: लाल म्हणजे सुट्टी. दोन पावलं पुढे आलात की सणाचं नाव आणि चित्र. अगदी जवळ गेलात, चष्मा लावलात, की तिथी किती वाजेपर्यंत आहे ते. फोनवर खोलात जायला बोट लागतं, इथे पाय लागतात. आणि यात एक मोठा फरक आहे. फोनवर खोलात गेलं की वरचा थर नाहीसा होतो. तारीख उघडली की महिना जातो. भिंतीजवळ गेलं तरी महिना जागेवरच असतो. ‘गणपती आणि परीक्षा एकाच आठवड्यात येतायत का?’ हा प्रश्न फोनला विचारायला चार-पाच टॅप लागतात आणि पहिलं उत्तर डोक्यात धरून ठेवावं लागतं. भिंतीला तो विचारावाच लागत नाही.

दुसरी गोष्ट अक्षरांची. देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, जोडाक्षरं. त्यामुळे इंग्रजीपेक्षा ओळीला जास्त उंची लागते. र. कृ. जोशींसारख्या सुलेखनकाराने विंडोजसाठी ‘मंगल’ हा फॉन्ट केला, पुढे मुंबईच्या एक टाइपने ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ सारखे फॉन्ट केले. अक्षरं आता उत्तम आहेत. अडचण चौकटीची आहे. बहुतेक ॲप्समध्ये चौकट इंग्रजीच्या मापाने आखतात आणि मराठी शेवटच्या आठवड्यात भरतात. मग उकार कापले जातात, ‘नोंदणी करा’ चं ‘नोंदणी क…’ होतं, आणि बैठकीत निष्कर्ष निघतो की मराठी लोकांना इंग्रजीच बरं वाटतं. कालनिर्णयच्या मराठी आवृत्तीत चौकट पहिल्यापासून मराठी शब्दांसाठीच आखलेली आहे. हा फरक चवीचा नाही, क्रमाचा आहे. आधी कोण आणि नंतर कोण, याचा.

लिहायची जागा

ॲपलने २०११ साली मॅकच्या कॅलेंडरला चामड्याचा पोत दिला होता, शिवण दिली होती, वरच्या कडेला फाडलेल्या कागदाचे तुकडेसुद्धा काढले होते. दोन वर्षांनी ते सगळं गेलं आणि सपाट डिझाइन आलं. या दोन्ही बाजूंनी तेव्हा जोरात वाद झाला. पण दोन्ही बाजू कागदाच्या कातडीबद्दलच बोलत होत्या. कागदाचं काम काय, हे त्यात मागेच राहिलं.

कागदाचं काम असं: त्यावर लिहिता येतं. कालनिर्णयच्या चौकटी छापून येतात तेव्हा अर्ध्याच पूर्ण असतात. उरलेलं पान घर भरतं. दूध अर्धा लिटर जास्त, गॅस लावला, कामाच्या मावशींचा खाडा, भिशी, लाइट बिल, कुणाचं तरी बारसं. बॉलपेन खिळ्याला दोऱ्याने बांधलेलं. साइन-इन नाही, परवानगी नाही, ‘तुम्हाला या कॅलेंडरमध्ये बदल करता येणार नाही’ नाही.

आमच्या साताऱ्याच्या घरी आजोबांचं डायलिसिस सुरू झालं ते आठवड्यातून तीनदा: सोम, बुध, शुक्र. आई त्या दिवसांना निळा गोल करायची, आणि जाऊन आलं की गोलात बरोबरची खूण. वार आडव्या ओळीत असल्यामुळे त्या पानावर तीन निळ्या ओळी तयार व्हायच्या. एखादा गोल रिकामा राहिला की ओळ तुटलेली दिसायची. काका कोल्हापुरातून आले की चपला काढता काढता भिंतीकडे बघायचे आणि त्यांना कळायचं की बुधवार चुकलाय. त्यांना कुणी सांगावं लागायचं नाही, आणि मुख्य म्हणजे आजीला पुन्हा पुन्हा उत्तर द्यावं लागायचं नाही. बाबांच्या फोनमध्येही रिमाइंडर होते. ते बाबांना कळायचे. आजीचा फोन साधा होता. भिंत मात्र तिचीही होती.

मी व्यवसायाने जे बनवते त्यात ‘शेअर’ नावाचं बटण असतं. त्यात एक माणूस मालक असतो आणि तो दुसऱ्याला बोलावतो. भिंतीवरच्या पानाला मालक नाही. जो घरात आहे त्याला ते दिसतं. आजारपण हे एका माणसाचं वेळापत्रक नसतं, घराचं असतं, हे त्या पानाला बिनबोलता समजलेलं होतं. पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये त्या तीन ओळी थांबतात. ती पानं आईने ठेवली आहेत.

उघड्यावर असूनही त्या पानाला गुपित राखता येतं. महिन्यातून एकदा एका कोपऱ्यात आईचा एक बारीक ठिपका असायचा. शब्द नाही, नाव नाही. मला पाळी येऊ लागल्यावर तिने मला तो ठिपका सांगितला, आणि मग त्या पानावर दोन ठिपके दिसू लागले, एक वरच्या कोपऱ्यात, एक खालच्या. सगळ्यांच्या नजरेसमोर, पण वाचता येणार दोघींनाच. याच कामासाठी आता ॲप्स आहेत. त्यांतल्या फ्लो नावाच्या ॲपवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२१ साली ठपका ठेवला की, खासगी ठेवू असं सांगूनही वापरणाऱ्या बायकांची आरोग्याची माहिती त्यांनी इतर कंपन्यांना पुरवली; प्रकरण तडजोडीने मिटलं. पासवर्ड असलेलं पान बाहेर बोललं, आणि उघडं पान गप्प राहिलं.

नियम सुंदर, वापर नाही

कालनिर्णयच्या शेजारी आणखी एक कॅलेंडर ठेवून बघायला हवं. १९५२ साली सरकारने मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली दिनदर्शिका सुधारणा समिती नेमली. देशभर वेगवेगळी पंचांगं चालतात, त्यांऐवजी सर्वांसाठी एक शास्त्रशुद्ध दिनदर्शिका असावी, असा विचार. २२ मार्च १९५७ ला, म्हणजे १ चैत्र १८७९ या शके दिवशी, ती लागू झाली. प्रोग्रामर म्हणून मला ती फार आवडते. चैत्र ३० दिवसांचा, लीप वर्षात ३१. पुढचे पाच महिने ३१ चे, बाकीचे ३० चे. अधिक महिना नाही, क्षय तिथी नाही. शाळेतल्या मुलालाही तिचं गणित दहा ओळींच्या कोडमध्ये बसवता येईल.

याउलट चांद्र महिन्यांचं वर्ष ३५४ दिवसांचं. सूर्याच्या वर्षापेक्षा ते सुमारे ११ दिवसांनी कमी पडतं, म्हणून साधारण अडीच-तीन वर्षांनी अधिक महिना घालावा लागतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला, २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. हिजरी वर्षात असा महिना घालतच नाहीत, म्हणून ईद ऋतूंमधून सरकत जाते. तिथी कधी १९ तासांची, कधी २६ तासांची. आणि महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो तर उत्तरेत पौर्णिमेला, त्यामुळे आपली श्रावणातली जन्माष्टमी तिकडे त्याच दिवशी भाद्रपदात पडते.

इतका गुंता असूनही घराघरांत गुंता टिकला आणि स्वच्छ दिनदर्शिका राजपत्रापुरती, आकाशवाणीच्या निवेदनापुरती उरली. साहांची समिती चुकली असं मी म्हणणार नाही; तिचं खगोलशास्त्र पक्कं होतं. पण तिला लोकांच्या सवयी एका नियमात आणायच्या होत्या. कालनिर्णयला सवयी बदलायच्याच नव्हत्या. पगार इंग्रजी महिन्याने, उपास चांद्र महिन्याने, शेजाऱ्यांची ईद तिसऱ्याच हिशोबाने: माणूस एकाच वेळी तीन काळांत जगतो, तर तिन्ही एका चौकटीत ठेवा. लोकांचं आयुष्य आपल्या आराखड्यात बसावं असा हट्ट आणि आपला आराखडा लोकांच्या आयुष्यात बसावा अशी खटपट, यांतलं अंतर प्रत्येक प्रॉडक्ट-मीटिंगमध्ये असतं.

पानाच्या मर्यादा

आता दुसरी बाजू. हे पान आदर्श म्हणून पूजायला घेतलं तर ती फसवणूक होईल.

एक, छापील पानाला एकच जागा गृहीत धरावी लागते. मुंबई आणि गडचिरोली यांच्यात सुमारे सात रेखांशांचं अंतर आहे. नुसत्या त्यामुळे सूर्योदयात जवळजवळ अर्ध्या तासाचा फरक पडतो. न्यू जर्सीतल्या मराठी घरात भारतातून नेलेलं कालनिर्णय टांगलं असेल तर तिथी कधीकधी दिवसानेच हुकते, कारण इथली पहाट म्हणजे तिथली आदली संध्याकाळ. हे काम फोन विनासायास करतो. जागा ओळखणं ही कागदाच्या कुवतीबाहेरची गोष्ट आहे.

दोन, सगळ्यात आतला थर फार बारीक आहे. ज्या वयात तिथीची वेळ बघायची गरज वाढते त्याच वयात नजर कमी होते. कागदावर दोन बोटांनी अक्षर मोठं करता येत नाही. आणि ज्याला अजिबात दिसत नाही त्याच्यासाठी भिंत मुकीच आहे. फोन निदान वाचून दाखवतो.

तीन, दरवाजा बदलला तरी आतलं सामान तपासायला हवं. मधला माणूस गेला, पण शुभ-अशुभ गेलं नाही. उलट ते दररोजच्या चौकटीत येऊन बसलं. मागच्या पानावर पाककृती आणि आरोग्याच्या लेखांबरोबर राशिभविष्य असतं. चांगल्या मांडणीने कुठलीही माहिती विश्वासार्ह वाटते, हा डिझाइनचा जुना धोका इथेही आहे.

आणि चार, जो मला सगळ्यात टोचतो. मी वर आईच्या निळ्या गोलांचं कौतुक केलं. पण ते गोल आईच का करायची? दूध, गॅस, खाडे, औषधं, वाढदिवस हे घराच्या आठवणीचं सगळं काम आमच्याकडे एकाच हस्ताक्षरात आहे. पान सगळ्यांना दिसायचं, लिहायची मात्र एकच बाई. पानाला मालक नव्हता, पण बिनपगारी कारकून होता. चांगला इंटरफेस काम सोपं करतो. ते कुणी करायचं हे तो बदलत नाही. ‘सगळ्यांना दिसतंय’ यालाच ‘सगळे मिळून करतोय’ समजायची सोय मात्र करून देतो. सामायिक याद्यांच्या ॲप्समध्येही हेच चालतं: यादी चार जणांची, भरणारं एकच बोट.

मग प्रेरणा कशाची घ्यायची?

चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी डिझायनर जोडप्याने १९५८ साली भारत सरकारसाठी एक अहवाल लिहिला. त्यातून पुढे अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी सगळ्यात जास्त कौतुक केलं ते लोट्याचं. त्यांनी लोट्याच्या रूपावर समाधान मानलं नाही. त्यात किती मावतं, कमरेवर किंवा डोक्यावर कसा तोलला जातो, पाणी कसं ओतलं जातं, किंमत काय, असे प्रश्नांवर प्रश्न विचारले. मला त्या अहवालातला लोटा तितका महत्त्वाचा वाटत नाही, प्रश्नांची ती रांग महत्त्वाची वाटते. कालनिर्णय लोट्यासारखं अनामिक नाही. ते विसाव्या शतकातलं, छापखान्यातलं, जाहिराती घेऊन खपणारं, एका मराठी उद्योजकाचं प्रॉडक्ट आहे. तरी रांग तीच लावता येते: माणूस हातात काय घेऊन येतो? किती अंतरावरून बघतो? शेजारी कोण उभं असतं? चुकलं तर कसं कळतं? लिहितं कोण?

महिन्याच्या यादीतल्या तीस स्क्रीन्सना यांतला एकही प्रश्न विचारता येत नाही, कारण त्या कुणाच्या घरात टांगलेल्या नसतात. त्यांच्याकडून रंग घ्यावा, अक्षरवळण घ्यावं, हालचालीची गंमत घ्यावी. त्यात कमीपणा काही नाही. पण त्या आपल्याला दुसऱ्याच्या तयार उत्तरांची चव लावतात. आणि ती उत्तरं बहुतेक वेळा इंग्रजी वाचणाऱ्या, एकट्याचा फोन असलेल्या, ऑफिसात बसणाऱ्या माणसाच्या प्रश्नांची असतात. मराठी घरात वाढलेल्या, मराठी माणसांसाठी ॲप लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांनी तीच चव आपली मानली की आजीसारखी माणसं ‘एज केस’ होतात. आमच्या भाषेत एज केस म्हणजे जे जमलं तर बघू.

म्हणून माझी सूचना छोटी आहे. महिन्याची यादी बघायची ती बघा. पण त्याच महिन्यात एक अशी वस्तू निवडा जी झिजलेली आहे: एसटीची पाटी, रेशन कार्ड, किराणा दुकानातली उधारीची वही, बँकेचं पासबुक, औषधाच्या दुकानातल्या पाकिटावर पेनाने काढलेल्या सकाळ-दुपार-रात्रीच्या रेघा. तिच्यासमोर पंधरा मिनिटं उभं राहा आणि ती कुठे झिजली आहे ते बघा. माणसांनी छापील मजकुरावर हाताने काय वाढवलंय ते बघा. डिझायनरने जे दिलं नाही, ते लोकांनी तिथे स्वतः लिहून घेतलेलं असतं.